सुदानमधल्या विस्थापितांना मदत नेमकी कशी पोचवायची? (11 पोती कपडे जमलेत)

कोंढवेकरीण

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, कारण खरंच काही सुचेनासं झालंय.

आमच्या वरचा वन आरके आम्ही भाड्याने देतो, तिथे तीन वर्षांपासून एक सुदानी मुलगा राहतो, बीफार्मसीला आहे. पुण्यात सुदानची मुलं खूप आधीपासून शिकायला येतात, आमच्या भागात तर कायमच दिसतात. मला तो मौशी म्हणतो, मावशी असं म्हणायला शिकवून दमले. 15 एप्रिल 2023 ला खार्तूममध्ये लष्कर आणि आरएसएफ (तिथलं निमलष्करी दल) यांची लढाई सुरू झाली तेव्हा त्याचा रोजा चालू होता, रमजानचे शेवटचे दिवस होते, आणि रात्रभर वर येरझाऱ्या घालतानाचा आवाज आम्हाला खाली येत होता. त्याचं घर ओमदुरमानला. आईवडील आणि दोन बहिणी तिथून निघून वद मदनीला गेले, तिथे कुठे जरा बूड टेकतंय तोवर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मदनी पण आरएसएफच्या हातात गेलं, मग परत गाठोडं बांधून कसाला. तिथे एका शाळेच्या वर्गात तीन कुटुंबं मध्ये चादरी लावून राहिली होती, आता कुणाच्या तरी अंगणात एक खोली मिळालीये.

आणि त्याची मावशी अल फाशिरला, पश्चिमेकडच्या दारफुर भागात. 26 ऑक्टोबर 2025 ला ते शहर आरएसएफच्या हाती पडलं. तेव्हापासून तिला पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक आहे. आमच्या जिन्यात रेंज चांगली येते म्हणून तो जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून असतो, दूध आणायला गेले तरी तिथेच, परत आले तरी तिथेच.

मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं तर लोकांनी मनापासून साथ दिली, दिवाळीची साफसफाई नुकतीच झालेली त्यामुळे 11 पोती कपडे जमले, बिस्किटांची दोन खोकी, आणि 38,400 रुपये. आता पोती पार्किंगमध्ये पडलीत आणि कुरियरवाल्याने किलोचा जो दर सांगितला तो ऐकून मी गप्पच बसले. कोणाला माहितीये का की हे सगळं कुठे द्यायचं? पैसे कोणाला दिले की खरंच तिथे पोचतात? त्या मुलाला विचारलं की तो म्हणतो, मौशी इट्स ओके. पण ते ओके नाहीये हे दिसतंय ना.

---

किल्लारीकर

ताई, आधी एक हात जोडून विनंती, कपडे पाठवू नका.

30 सप्टेंबर 1993 ला भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा मी 12 वर्षांचा होतो. देशभरातून ट्रकच्या ट्रक आले कपड्यांचे. लोकांचा भाव चांगलाच होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण आमच्या पत्र्याच्या शेडसमोर जो ढीग ओतला त्यात बिनबटणाचे कोट होते, चेन तुटलेल्या पँटी होत्या, एकेका पायाचे बूट होते. माझ्या आईच्या हाताला एक चमकीचा घागरा लागला. आईने आयुष्यात लुगड्याशिवाय काही नेसलं नव्हतं. ती तो घागरा मांडीवर घेऊन बसली होती, रडत नव्हती, नुसती बसली होती, ते मला अजून दिसतं. नंतर पावसात तो ढीग भिजला, वास मारायला लागला, मग जाळला. जाळायला सुद्धा माणसं लागली, तीच माणसं मुडदे काढायला हवी होती.

2019 ला सांगली कोल्हापूरचा पूर आला तेव्हा मी मदतीला गेलो होतो, तिथे परत तसाच ढीग बघितला. म्हणून म्हटलं.

---

फिरती_नर्स

किल्लारीकरांना पूर्ण अनुमोदन. थोडं लांबलचक लिहिणारे, सांभाळून घ्या.

मी नर्स आहे, नाशिकची. चाडमध्ये आद्रे नावाचं गाव आहे, सुदानच्या सीमेला अगदी चिकटून, तिथे काही महिने काम करून आलेय. मूळ गावात चाळीस हजारच्या आसपास वस्ती, आणि पश्चिम दारफुरमधून, मुख्यतः अल जनीनाकडून, पळून आलेले दोन लाखांवर लोक त्याच्या कडेने काटक्या आणि कापडाच्या झोपड्या करून राहिलेले. दहातली आठ-नऊ बायका आणि पोरं. पुरुष कुठेत म्हणून मी पहिल्या दिवशी भाबडेपणाने विचारलं होतं, नंतर नाही विचारलं.

कपड्यांचं म्हणाल तर तिथल्या बायका तोब नेसतात, साडेचार मीटरचं एकच कापड, डोक्यावरून घेऊन अंगाभोवती गुंडाळायचं, आपल्या साडीची बहीणच म्हणा. आपल्या पोत्यातल्या लेगिंग आणि टॉप त्यांच्या काही कामाच्या नाहीत. आणि जरी कामाचे असले तरी बघा, मदतीचं सामान बोटीने पोर्ट सुदानला उतरतं, तिथून दारफुर म्हणजे ट्रकने कित्येक दिवसांचा प्रवास. 2025 च्या जूनमध्ये डब्ल्यूएफपी (यूएनची अन्नमदत संस्था) आणि युनिसेफचे 15 ट्रक पोर्ट सुदानहून निघून 1800 किलोमीटर चालून अल फाशिरच्या जवळ आले, परवानगीची वाट बघत अल कोमाला थांबले आणि तिथे त्यांच्यावर हल्ला झाला, 5 माणसं गेली, ट्रक जळाले. त्यात औषधं आणि पोषण आहार होता. आता अशा ट्रकमध्ये एक पोतं जुने कपडे ठेवायचं म्हणजे तेवढ्या जागेचं काहीतरी खाली उतरवायचं.

दुसरा मार्ग म्हणजे चाडकडून आद्रेचं सीमेवरचं फाटक. ते 2024 च्या फेब्रुवारीत सुदान सरकारने मदतीसाठी बंद केलं आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद ठेवलं. याच काळात अल फाशिरजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला, 1 ऑगस्ट 2024. म्हणजे धान्य जगात नव्हतं असं नाही, मदत कमी पडते यात पैशाचा वाटा आहेच पण रस्ता अडवण्याचा वाटा त्याहून मोठा, हे प्लीज लोकांना सांगा, कारण लोकांना वाटतं आफ्रिकेत दुष्काळ म्हणजे पाऊस पडला नसेल.

आता प्रत्यक्ष काय लागतं. आमच्याकडे एक हिशोब असतो, स्फिअर म्हणतात त्याला. 1994 मध्ये रवांडाचे निर्वासित गोमाला गेले आणि तिथे कॉलऱ्याने हजारो माणसं मेली, त्यानंतर संस्थांनी एकत्र बसून किमान काय द्यायचंच ते ठरवलं. माणशी दिवसाला 15 लिटर पाणी, 20 जणांमागे एक संडास, साडेतीन चौरस मीटर छप्पर, 2100 कॅलरी. 15 लिटर म्हणजे पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं सगळं धरून. आपल्या घरी एका वेळच्या अंघोळीला एक बादली जाते ती तेवढीच. आणि आम्ही होतो तिथे तेवढं पण मिळत नव्हतं, बायका पहाटे तीनला पिवळे कॅन रांगेत लावून ठेवायच्या, कॅनला चिंधी बांधलेली असायची ओळखीसाठी, लाल चिंधी ही माझी, निळी तिची.

माझं काम पोरांचा दंड मोजायचं. कागदी पट्टी असते, हिरवा पिवळा लाल रंग असलेली, डाव्या दंडाला मध्यावर लावायची. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे अति तीव्र कुपोषण. घरातला शिवणाचा टेप घ्या आणि साडेअकराचा गोल करून बघा, आणि त्यात दोन वर्षांच्या मुलाचा दंड आहे असं धरा. लाल आलं की मुलाला तिथल्या तिथे एक पाकीट खायला द्यायचं, शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं, 92 ग्रॅमचं पाकीट, 500 कॅलरी, शिजवायला नको, पाणी घालायला नको. चवीला दाण्याच्या लाडवासारखं. याला भूक चाचणी म्हणतात, मूल ते खातं का हे बघायचं. खाल्लं तर घरी नेऊन उपचार चालतात, सहा ते आठ आठवडे. नाही खाल्लं तर लगेच भरती, कारण उपाशी पोराने गोड खायला तोंड फिरवलं म्हणजे आतून फार काही बिघडलंय. तुम्ही जे पैसे द्याल ते या पाकिटात जातात, सलाईनमध्ये जातात, क्लोरीनच्या गोळ्यांत जातात. बिस्किटं मात्र पुण्यातच कोणाला तरी देऊन टाका.

अजून एक. सुदानात 2024 च्या पावसाळ्यापासून कॉलरा पसरला, लाखावर रुग्ण झाले. त्याला सगळ्यात स्वस्त इलाज मीठ साखर पाणी, ओआरएस, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावर त्याने माणसं वाचतात हे दाखवलं आपल्या डॉ. दिलीप महालनबिसांनी, 1971 मध्ये बनगावच्या छावणीत, बांगलादेशचे निर्वासित आले होते तेव्हा. सलाईन संपलं होतं, मग ड्रम भरून पाणी केलं आणि नातेवाइकांच्याच हातात पेले दिले. आद्रेत आम्ही अगदी तेच करत होतो.

---

स्पष्टच_बोलतो

सगळं ऐकायला ठीक आहे पण मेळघाटात पोरं मरतायत, मराठवाड्यात 2025 ला अतिवृष्टीने शेतं वाहून गेली, मणिपूरचे लोक 2023 पासून छावण्यांत पडून आहेत. आधी आपल्या घरचं बघा ना. सुदानचं बघायला यूएन आहे. कोणाला राग आला तर येवो.

---

जुनं_टपाल

स्पष्टच_बोलतो, राग नाही आला, तुमचा मुद्दा खोटा नाही. माझं वय 75 आहे, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो.

1971 ला मी टपाल खात्यात नवीन लागलो होतो, सोलापूर जिल्ह्यात. पूर्व पाकिस्तानातून 1 कोटी माणसं आपल्याकडे आली होती. नोव्हेंबरपासून सरकारने पाकिटावर नेहमीच्या तिकिटाखेरीज 5 पैशाचं जादा तिकीट लावायचा नियम केला, शरणार्थी सहायता असं लिहिलेलं. खिडकीवर मीच ते विकायचो. आणि तेव्हा आमच्याकडे काय चाललं होतं? दुष्काळ. लागोपाठ पाऊस हुकलेला, विहिरी तळाला गेलेल्या, पुढच्या वर्षी तर माणसं खडी फोडायला गेली. तरी माणसं ते तिकीट लावायची. एक म्हातारा मुलाला पत्र पाठवायला यायचा, मिलिटरीत होता मुलगा, तो तिकीट जिभेला लावून चिकटवायचा आणि दरवेळी विचारायचा, पोचतंय का रं त्यास्नी.

आणि पुढचं पण ऐका. 1972 च्या दुष्काळात आम्ही काय खाल्लं? अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, आणि कामावर सुकडी. मिलोची भाकरी थापताना फाटायची, बायका शिव्या घालायच्या, पण तीच खाऊन जगलो. तिकडे पिकवणाऱ्याला करमाळा कुठे आहे ते माहीत नव्हतं. मणिपूरलाही द्या, मेळघाटलाही द्या, मी तिन्हीकडे देतो, पेन्शनर माणूस आहे त्यामुळे थोडंथोडं देतो. एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही, माझा तरी तसा अनुभव नाही.

---

शिराळा_ते_रबक

मला वाटलं नव्हतं की इथं सुदानचा धागा बघायला मिळेल. मी सांगली जिल्ह्यातला, शिराळा तालुका. आमच्याकडची बरीच माणसं तिकडं केनानाच्या साखर कारखान्यात कामाला होती, पांढऱ्या नाईलच्या काठाला, रबक गावापासून जवळ. उसातली कामं आमच्या हाताला बसलेली त्यामुळं तिकडं मान होता. मी मिल हाऊसला होतो, फिटर. एप्रिल 2023 ला लढाई पेटली तेव्हा आम्ही बसनं पोर्ट सुदान गाठलं, तिथून बोटीनं जेद्दा, आणि जेद्दावरनं विमानानं मुंबई. ऑपरेशन कावेरी. 3,862 माणसं आणली आपल्या सरकारनं त्यात मी एक. निघताना माझ्या हाताखालचा वेल्डर, त्याचं घर वद मदनीला, तो बसपर्यंत सोडायला आला आणि मला भाकरीचं गाठोडं दिलं. त्याला न्यायला कुठलंच विमान येणार नव्हतं. मला लाज वाटली ओ, अजून वाटते.

आता त्याच्याबद्दलच सांगतो कारण ताईंना तेच पाहिजे. मदनी पडल्यावर तो बायकापोरं घेऊन कोस्तीला आला, म्हणजे रबकच्या समोर नदीपलीकडं. तिथं हा आणि आणखी दहाबारा जण मिळून रोज जेवण बनवतात. तकाया म्हणतात त्याला. मोठं पातेलं, खाली लाकडं, मसुरीची आमटी किंवा फूल म्हणजे आपल्या पावट्यासारख्या शेंगाचं कालवण, आणि जोंधळ्याच्या पिठाची असीदा, आपल्या उकडीसारखी घट्ट. सकाळी पोरं पातेली, डबे, कॅन कापून केलेली भांडी घेऊन रांगेत येतात. कोण कुठला विचारत नाहीत, किती जण घरात एवढंच विचारतात.

असे गट सगळ्या सुदानात हायत, इमर्जन्सी रूम म्हणतात त्यांना. 2018-19 ला तिथला हुकूमशहा बशीरच्या विरोधात जी तरुण पोरं रस्त्यावर उतरली होती, मोहल्ल्या मोहल्ल्यात कमिट्या होत्या त्यांच्या, तीच पोरं लढाई लागल्यावर ॲम्ब्युलन्स, पाणी, जेवण करायला लागली. यांना 2025 चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळालाय. तिकडं त्यांचा शब्द आहे नफीर. माझ्या वेल्डरनं मला त्याचा अर्थ सांगितला तर मी म्हटलं अरे ही तर आमची इर्जिक. एकाच्या रानात सगळ्यांनी जायचं, बैल घेऊन, जेवण त्याच्या घरी, उद्या दुसऱ्याच्या रानात. हुबेहूब तेच.

यूएनचं म्हणाल तर यूएनचे ट्रक पोचत नाहीत तिथं हीच पोरं असतात, कारण ती तिथलीच हायत, त्यांना कुठनं यायचंच नाही. आणि त्यासाठी त्यांना मारलंय पण, दोन्ही बाजूंनी पकडलंय, तू त्या बाजूचा म्हणून. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेनं पैसा थांबवला तेव्हा या तकायांतल्या बहुतेक बंद पडल्या. कोस्तीतली पण महिनाभर बंद होती. वेल्डरनं मला पातेल्याचा फोटो पाठवला, घासून पालथं घातलेलं. काय लिहिलं नव्हतं खाली. आम्ही गावातल्या सुदान रिटर्न लोकांनी तेव्हापासून वर्गणी चालू केली, महिन्याच्या महिन्याला.

अल फाशिरबद्दल एकच लिहितो. 500 दिवसांवर वेढा होता. शेवटी शेवटी माणसं अंबाझ खात होती. अंबाझ म्हणजे तेल काढून राहिलेली शेंगदाण्याची पेंड, आपण म्हशीला घालतो ती. शेंगदाणा तिकडं ढीगानं पिकतो, जगात नाव आहे सुदानचं, आणि माणसं पेंडीवर. आणि मग तीही संपली. आमच्या गोठ्यात पेंडीचं पोतं असतं, मी सकाळी घमेल्यात पेंड भिजवायला घालतो तेव्हा रोज डोक्यात येतं.

---

कोंढवेकरीण

शिराळाकर दादा, तुमचं वाचून त्या मुलाला खाली बोलावलं आणि नफीर इर्जिक सगळं सांगितलं. तो पहिल्यांदा हसला, कितीतरी दिवसांनी. म्हणाला त्याची आजी शेताला जाताना असंच करायची. तकाया शब्द मी कसाबसा म्हटला तर म्हणाला मौशी तुमचा उच्चार माझ्या मराठीपेक्षा चांगला आहे.

अंबाझचं मात्र मी त्याला वाचून दाखवलं नाही.

कपड्यांचं कळलं. आता पैशांचं सांगा कोणीतरी. सोसायटीतले एक काका म्हणतायत आपल्या गणेश मंडळाच्या खात्यातून पाठवू, मंडळ रजिस्टर्ड आहे.

---

हिशोबनीस

मंडळाच्या खात्यातून पाठवू नका. रजिस्टर्ड ट्रस्टला आपलं उत्पन्न भारताबाहेर खर्च करायला इन्कम टॅक्सकडून वेगळी परवानगी लागते, ती नसेल तर सूट जाते आणि नसती कटकट मागे लागते. बरेच जण इथे एफसीआरएचं नाव घेतात, पण तो कायदा बाहेरून भारतात येणाऱ्या पैशासाठी आहे, इथून जाणाऱ्यासाठी नाही. व्यक्ती म्हणून तुम्ही बाहेरच्या संस्थेला देणगी देऊ शकता, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली (बाहेर पैसे पाठवायची योजना) ते चालतं, बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी ते, विचारेल. बाहेरच्या संस्थेला थेट दिलं की देणगीवरची करसवलत मिळणार नाही हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा म्हणजे मार्चमध्ये पावत्या मागायला कोणी येणार नाही.

सोपा रस्ता म्हणजे 38,400 ज्याचे त्याला परत करा आणि प्रत्येकाने स्वतःच्या कार्डावरून द्यावे. यूएनएचसीआर (यूएनची निर्वासितांसाठीची संस्था) रुपयांत घेतं. एमएसएफ, म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स, त्यांचा बहुतेक सगळा पैसा सामान्य माणसांकडून येतो, सरकारांकडून नाही, त्यामुळे कुठल्या देशाने हात आखडला तरी त्यांचं काम लगेच थांबत नाही. शिराळाकर म्हणतात त्या इमर्जन्सी रूमना द्यायचं तर म्युच्युअल एड सुदान कोएलिशन आहे, त्यांच्यामार्फत गटांपर्यंत जातं. ओळखीच्या ओळखीने, दुबईतल्या कोणाच्या हाती, त्याने पुढे कोणाला, असलं काही करू नका. भाव कितीही चांगला असला तरी ती हवाला होते. शिराळाकर, तुम्हालाही हेच सांगतो, वर्गणी अधिकृत मार्गाने जातेय ना तेवढं बघून घ्या.

आणि देताना हे फक्त दुधासाठी, हे फक्त सुदानच्या अमुक गावासाठी अशा अटी घालू नका. सुदानसाठी म्हणा फार तर. आज दूध लागेल, उद्या रस्ता बंद झाला तर गाढवगाडीचं भाडं लागेल.

---

फिरती_नर्स

हिशोबनीस, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे. 2025 साठी यूएनने सुदानकरता जेवढा निधी मागितला होता त्यातला निम्मासुद्धा आला नाही, आणि जो आला त्यातल्या बऱ्याच पैशाला अशा अटींच्या दोऱ्या बांधलेल्या.

ताई, आता तुमच्या मुलाबद्दल बोलते, कारण सगळे तिकडच्याबद्दल बोलतायत आणि जिन्यात बसलेला पण विस्थापितच आहे. त्याच्या घरून पैसे येणं बंद असणार, तो सांगणार नाही. कॉलेजची फी बाकी आहे का ते विचारा, थेट नका विचारू, आम्हाला भाड्याची घाई नाही असं आधी सांगा मग बोलेल. व्हिसाची मुदत बघा, ती संपायच्या खूप आधी एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं कार्यालय) अर्ज करायला लावा. परदेशी भाडेकरूची माहिती देणारा तुमचा घरमालकाचा फॉर्म भरलेला आहे ना ते पण बघा. आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदा नाही त्यामुळे कागद अपुरे असले की या पोरांना कोणाचा आधार उरत नाही. अगदी परत जाणं अशक्यच झालं तर दिल्लीला यूएनएचसीआरचं ऑफिस आहे, तिथे नोंदणी होते.

मावशीसाठी, रेडक्रॉसचं एक काम असतं ज्याबद्दल फार कोणाला माहिती नाही, युद्धात हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेणं. आयसीआरसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचं ऑफिस दिल्लीत आहे, त्यांच्याकडे शोध अर्ज द्या. अल फाशिरमधून निघालेले बरेच लोक पश्चिमेला तविलाला पोचलेत, साठेक किलोमीटर चालत, आणि काही पार उत्तरेला अद दब्बाला. फोन लागत नाही याचा अर्थ लगेच वाईट घेऊ नका. वाटेत फोन काढून घेतात. आद्रेत माझ्याकडे आलेल्या बहुतेक बायकांकडे फोन नव्हता, एकीने नंबर पोराच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला शिवून आणला होता, दोऱ्याने, एकेक आकडा.

---

स्पष्टच_बोलतो

मी वर बोललो ते थोडं जोरात बोललो. जुनं टपाल काका, माझ्या आजीनेही मिलो खाल्ली होती, ती सांगायची, विसरूनच गेलो होतो. त्या मुलाच्या फीचं काही असेल तर मला व्यनि (खासगी मेसेज) करा. मी कात्रजला आहे.

---

कोंढवेकरीण

नऊ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल सॉरी.

पोती गूंज संस्थेच्या कलेक्शनला दिली, ते निवडून, धुऊन, गरज असेल तिथे देतात. त्याआधी आम्ही सात जणींनी पार्किंगमध्ये बसून निवडली, फाटकं काढून टाकलं, आणि किल्लारीकर, एक चमकीचा घागरा खरंच निघाला. मी बाजूला काढून ठेवला, माझं नाही धाडस झालं तो पुढे द्यायचं. बिस्किटं जवळच्या अंगणवाडीत गेली. पैसे परत वाटले आणि 26 जणांनी आपापल्या कार्डावरून दिले, काहींनी वाढवून, त्यातल्या नऊ जणांनी दर महिन्याचं लावलंय. दोघांनी परत घेतलेले दिलेच नाहीत, असू दे.

फी बाकी होती. दोन सेमिस्टरची. कॉलेजमध्ये मी स्वतः गेले, साडी नेसून गेले मुद्दाम, हप्ते करून दिलेत. कात्रजच्या दादांनी पहिला हप्ता भरलाय, त्यांनी नाव सांगू नका म्हटलं म्हणून नुसतं दादा लिहिते. संध्याकाळी तो आता आमच्याकडेच जेवतो. परवा मी ज्वारीची भाकरी केली तर म्हणाला हे किसराचं जाड भावंड आहे, त्यांच्याकडे आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचे पातळ पापुद्रे करतात.

रेडक्रॉसचा अर्ज भरला. त्यात मावशीचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, शेवटचं कुठे दिसली, अंगावरची खूण असं सगळं विचारतात. खूण या रकान्यापाशी तो खूप वेळ थांबला, मग लिहिलं, उजव्या मनगटावर तव्याचा डाग. लहानपणी त्याच्यासाठीच काहीतरी करताना भाजलं होतं म्हणे.

टिक अजून एकच आहे.

---

शिराळा_ते_रबक

ताई, तव्याचा डाग आणि नाव मला व्यनित पाठवा, पोराला विचारून. वेल्डरचा मेव्हणा अद दब्बाला छावणीत पाण्याच्या टाकीवर कामाला लागलाय गेल्या आठवड्यापासून. अल फाशिरची माणसं रोज येतायत म्हणतो, बायका जास्त. त्याला सांगतो. पाण्याला तर सगळ्यांनाच यावं लागतं.